वहिनी, आधी पदराला अस्तर लाव

तुझं एमबीई, म्हणजे 'मेंबर ऑफ द ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर' हा ब्रिटनचा सन्मान, घ्यायला विंडसरच्या राजवाड्यात बोलावल्याचं पत्र आलं म्हणून दादाने फोन केला आणि मला पहिल्यांदा आठवला तो माझा पदर. तुझं कौतुक नंतर करते. माझ्या वेळी मी जो घोळ घातला तो तू घालू नयेस, म्हणून आजच लिहून ठेवते.

आमंत्रण आणि फोटो असलेलं ओळखपत्र घे. इतकी वर्षं क्राउन कोर्टात दुसऱ्यांच्या अर्धवट कागदांवर डाफरलीस, तुला काय सांगायचं? दादाचं ओळखपत्र मात्र तुझ्याच पर्समध्ये ठेव.

साडीच नेस. आपला पोशाख तिथे चालतो, हॅटबिटच्या भानगडीत पडू नकोस. पण आता नीट ऐक. बायकांचं एमबीई गळ्यात घालत नाहीत. गुलाबी, करड्या काठाच्या फितीचा बो असतो, त्याला चांदीचा क्रॉस लोंबतो आणि तो लावतात डाव्या बाजूला. आपला पदर कुठे असतो? डाव्याच बाजूला! समारंभाआधी तिथली माणसं कपड्यावर एक हूक लावून ठेवतात, समोरच्याने नुसतं अडकवायचं. कोटाच्या कॉलरवर ते घट्ट बसतं. माझ्या पैठणीवर क्रॉस अडकवला आणि पदर पुढे घसरायलाच लागला. जरीचे दोन धागे निघाले ते वेगळंच. मी डावा हात छातीवर दाबून धरला, आणि फोटोत मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात शपथ घेतल्यासारखी दिसते. तो फोटो आता बैठकीच्या खोलीत आहे, तुझ्या भावजींच्या हट्टाने.

म्हणून पदराला आतून अस्तर. खणाचा किंवा जाड सुती कापडाचा तळहाताएवढा तुकडा, कॉलरबोनच्या चार बोटं खाली, बारीक धावदोऱ्याने. त्याच्या वर-खाली दोन सेफ्टी पिना, त्या ब्लाउजपर्यंत गेल्या पाहिजेत. नुसत्या पदराच्या चुण्या एकमेकींना टाचून उपयोग नाही. मग त्या जागी घराच्या किल्ल्यांचा जुडगा लटकव आणि पंधरा मिनिटं घरात फीर. जागचं हललं तर उसवून पुन्हा शिव. आणि हूक लावणाऱ्याला बोट ठेवून सांग, इथेच. लाजू नकोस. मी लाजले.

मामी विचारत होत्या, ही राजाच्या दरबारात नोकरीला होती का? नाही हो मामी, क्राउन कोर्ट म्हणजे फौजदारी खटल्यांची कचेरी. दरबारी माणूस निवृत्त होतो तो थाट निराळा. एलिझाबेथ राणीचे लॉर्ड चेंबरलेन, म्हणजे राजघराण्याच्या कारभाराचे प्रमुख, अर्ल पील १३ एप्रिल २०२१ ला निरोप घ्यायला गेले, राणीचे पती प्रिन्स फिलिपना जाऊन तेव्हा चारच दिवस झाले होते. त्यांनी हुद्द्याची काठी आणि चिन्हं परत दिली, आणि राणीने त्यांना रॉयल व्हिक्टोरियन चेन ही मानाची साखळी घातली. ती साखळी सातव्या एडवर्डने १९०२ मध्ये सुरू केलेली. तिच्याबरोबर ना किताब मिळतो ना मानाची पायरी. रॉयल व्हिक्टोरियन ऑर्डर हा सन्मान १८९६ चा, तो राजा स्वतःच्या मर्जीने देतो. तुझं एमबीई सरकारच्या यादीतून येतं. नावातलं 'एम्पायर' अण्णांना खुपलं असतं, पण १९१७ पासून तेच चाललंय. तर सांगायचं काय, अर्ल पीलना काठी परत करायची होती, तुला तसलं काही नाही. पण त्यांना पदर नव्हता.

अस्तराचा तुकडा कापलास का? आजच काप.

समोर राजाच असेल असं नाही, त्याची बहीण प्रिन्सेस अ‍ॅन किंवा मुलगा प्रिन्स विल्यमही असतात. राजाला पहिल्यांदा 'युवर मॅजेस्टी', मग 'सर'. अ‍ॅनला 'युवर रॉयल हायनेस', मग 'मॅम', आखूड, 'माम' नव्हे. मान किंचित लववली की झालं, नमस्काराला वाकलीस तर पदर पुन्हा पुढे येईल. दोन शब्द विचारतील, कोर्टाबद्दल काहीतरी तयार ठेव, पण खटल्याच्या गोष्टी नकोत. त्यांनी हात पुढे केला की बोलणं संपलं. मागे सरक, पुन्हा मान लवव, नीघ.

प्रवास: लंडनच्या पॅडिंग्टनहून स्लाउला गाडी बदलून विंडसर. लवकर निघा. चपला जुन्या, सवयीच्या. कोट घे, गारठा असतो. दादाला सांग, आत फोन बंद ठेवायचा.

बाहेर आल्यावर हूक काढून घेतात, पदक डबीत जातं. फोटोसाठी पुन्हा लावायचं तर बोच्या मागे पिन असते, तीही अस्तरातूनच घाल. सुई-दोरा पर्समध्ये. बाकी दादा बघेल. मी शनिवारी येते, पदर मलाच शिवू दे.