देवनागरी नावाचे चाचणी खाते

विकसकाच्या संगणकावर बिनतक्रार चालणारा डेस्कटॉप प्रोग्राम वापरकर्त्याकडे मात्र फाइल सापडत नसल्याची किंवा सेटिंग्ज जतन होत नसल्याची तक्रार करतो. असे दोष प्रकाशनापूर्वीच पकडण्यासाठी विंडोजमध्ये एक स्वतंत्र स्थानिक खाते तयार ठेवावे.

१. खात्याला ‘चाचणी खाते’ असे देवनागरी आणि मध्ये मोकळी जागा असलेले नाव द्यावे. हे नाव खाते तयार करतानाच द्यावे, कारण नंतर नाव बदलले तरी युजर्स फोल्डरमधील प्रोफाइलचे, म्हणजे त्या खात्याच्या फोल्डरचे, नाव बदलत नाही.

२. खात्याचा प्रकार ‘स्टँडर्ड’ ठेवावा, ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ नव्हे.

३. त्या खात्यात लॉग-इन करून इन्स्टॉलरपासून सुरुवात करावी आणि फाइल उघडणे, जतन करणे, सेटिंग्ज बदलून प्रोग्राम पुन्हा सुरू करणे ही कामे क्रमाने करून पाहावीत.

देवनागरीसाठी विंडोजमध्ये जुन्या पद्धतीचे एएनएसआय कोड पेज (एखाद्या लिपीच्या अक्षरांना क्रमांक देणारा तक्ता) नसल्यामुळे, युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची सामाईक अक्षर-क्रमांक पद्धत) नीट न हाताळणाऱ्या प्रोग्राममध्ये फोल्डरच्या मार्गात (पाथमध्ये) अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हे दिसू लागतात. मार्गाला अवतरणचिन्हे न लावता दुसरा प्रोग्राम चालवणारा कोडही मोकळ्या जागेपाशी अडखळतो. (इंग्रजी नावाच्या खात्यात यातले बहुतेक दोष दडूनच राहतात.)

एक सावधगिरी बाळगावी: मॅनिफेस्ट (प्रोग्रामला कोणते अधिकार लागतात हे विंडोजला सांगणारी नोंद) नसलेल्या ३२-बिट प्रोग्रामने ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये लिहिण्याचा प्रयत्न केल्यास विंडोज ते लेखन गुपचूप प्रोफाइलमधील ‘व्हर्च्युअलस्टोअर’ फोल्डरकडे वळवू शकते, त्यामुळे चाचणी यशस्वी दिसली तरी तो फोल्डर उघडून पाहावा.