एकच उतारा, तीन अंतरं: जुडी डेंच यांच्याकडून काय उचलावं

ब्रिटिश अभिनेत्री जुडी डेंच यांची कारकीर्द सनावळीसारखी वाचली तर नटाच्या हाती फारसं लागत नाही. ती अंतराच्या हिशेबाने वाचावी. १९५७ साली लंडनच्या ओल्ड विकमध्ये त्या 'हॅम्लेट'मधली ऑफेलिया म्हणून उभ्या राहिल्या, तेव्हा समोर हजारेक खुर्च्यांचं नाट्यगृह होतं. १९७६ मध्ये दिग्दर्शक ट्रेव्हर नन यांनी स्ट्रॅटफर्डच्या 'द अदर प्लेस' या पत्र्याच्या लहानशा नाट्यगृहात 'मॅकबेथ' बसवलं. जमिनीवर एक वर्तुळ, भोवती प्रेक्षक, आणि लेडी मॅकबेथ त्यांच्यापासून चार हातांवर. पुढे १९९८ चा 'शेक्सपिअर इन लव्ह': पडद्यावर जेमतेम आठ मिनिटांची राणी एलिझाबेथ, आणि त्याबद्दल ऑस्कर. आमच्या मते त्या आठ मिनिटांची तयारी पत्र्याच्या शेडमध्येच झाली होती.

इंदूरच्या हौशी नटांना हाच प्रवास महिन्याभरात, एकाच उताऱ्यावर करून पाहता येतो. उतारा साठ ते नव्वद सेकंदांचा घ्या. शिरवाडकरांचा 'राजमुकुट' हा 'मॅकबेथ'चाच मराठी अवतार, त्यातलं एखादं स्वगत चालेल. पाठ मात्र कानाने करा. दृष्टी अधू झाल्यावर डेंच संवाद दुसऱ्याकडून वाचून घेऊन पाठ करू लागल्या. जोडीदाराने सपाट आवाजात, अजिबात अभिनय न करता, एकेक वाक्य तीनदा वाचावं. त्याने भाव घालून वाचलं की त्याचीच चाल तुमच्या तोंडी बसते आणि मग निघता निघत नाही.

पहिलं अंतर वीस मीटर. शाळेचं सभागृह किंवा मोकळं मैदान बघा. जोडीदाराने तुमच्याकडे पाठ फिरवून उभं राहायचं आणि प्रत्येक वाक्याचा फक्त शेवटचा शब्द कागदावर उतरवायचा. बहुतेकांची गाडी इथेच अडते. मराठीत क्रियापद आणि नकार वाक्याच्या टोकाला येतात, नेमका तिथेच श्वास संपतो. 'मी त्याला मारलं नाही' मधलं 'नाही' गिळलं की शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या लेखी खून झालेला असतो! उपाय ओरडण्यात नाही, त्याने गळा बसतो. पेन्सिलीने श्वासाच्या जागांवर खुणा करा, लांब वाक्यात मध्ये एक चोरटा श्वास घ्या, आणि शेवटच्या शब्दासाठी थोडी हवा राखून ठेवा. दहापैकी नऊ शब्द कागदावर आले की पुढे चला.

दुसरं अंतर तीन मीटर, आणि सर्वांत जास्त दिवस इथे द्या. दिवाणखान्यात खडूने दोन मीटरचं वर्तुळ काढा, भोवती पाच-सहा खुर्च्या मांडून माणसं बसवा. आवाज खाली आला की नट जोरही सोडतो आणि पुटपुटायला लागतो. आवाज कमी करा, व्यंजनं तितकीच टणक ठेवा. हिंदी माध्यमात शिकलेल्या इंदुरी मुलामुलींची आणखी एक अडचण इथे उघडी पडते. 'माझा' मधला झ दंत्य (दातांशी उच्चारलेला) आणि 'माझी' मधला तालव्य (टाळूशी उच्चारलेला), हा फरक पुसला जातो. 'चोर', 'जागा', 'झाड' सगळे हिंदीच्या वळणावर जातात, 'बाळ'चा 'बाल' होतो. मोठ्या हॉलमध्ये खपून जातं, चार हातांवर खपत नाही. रोज पाच मिनिटं 'माझा-माझी, जागा-जीभ, चोर-चिमणी' अशा जोड्या म्हणा.

याच टप्प्यावर 'मॅकबेथ'चं चित्रीकरण पाहा. थेम्स टेलिव्हिजनने ते स्टुडिओत केलं आणि १९७९ मध्ये दाखवलं. झोपेत चालण्याच्या प्रवेशातला डेंच यांचा तो लांबत जाणारा हुंदका एकदा आवाज बंद करून पाहा, मग डोळे मिटून ऐका. त्यांच्या आवाजातली खरखर मात्र उचलू नका. ती त्यांची आहे. तुम्ही ओढूनताणून काढलीत तर दुसऱ्या दिवशी घसा धरेल. तालमीच्या आदल्या रात्री सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस आणि गराडू (तळलेला कंद) खाऊन आडवं होण्याचाही तोच परिणाम: आम्ल वर येतं आणि सकाळी आवाज फाटतो.

तिसरं अंतर कॅमेऱ्याचं. मोबाइल अगदी तोंडाशी धरला तर नाक मोठं दिसतं. तो डोळ्यांच्या उंचीवर स्टँडवर लावा, मागचा कॅमेरा वापरा, दीड मीटर दूर उभे राहा आणि दुप्पट झूम करा. एवढ्या लांबून आवाज घुमतो, म्हणून कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा, पदर किंवा ओढणी त्यावर घासणार नाही असं बघा. पंखा बंद. उन्हाळ्यात हे सकाळी सातच्या आतच जमतं.

तीन टेक घ्या: पहिला वीस मीटरच्या तालमीसारखा, दुसरा खोलीतला, तिसरा फक्त विचार मनात चालू ठेवून, भुवया न हलवता. तिन्ही लगेच पाहू नका, रात्र जाऊ द्या. पहिल्यात चेहरा ओरडताना दिसेल, तिसऱ्यात बहुधा काहीच दिसणार नाही, कारण भुवया थांबवताना विचारही थांबलेला असतो. तेव्हा मोबाइल बाजूला ठेवा आणि पुन्हा खडूच्या वर्तुळात उतरा. १९९९ मध्ये डेंच यांना ऑस्कर मिळालं, त्याच वर्षी ब्रॉडवेवरच्या नाटकासाठी टोनी हा रंगभूमीचा पुरस्कारही मिळाला. नाव पडद्यावर झालं तरी रंगमंच सुटलेला नव्हता.