प्रश्नावली छापण्याआधी काउंटरपाशी उभे राहा

माझ्या टेबलावर 384 भरलेल्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा होता आणि मला वाटत होतं, निम्मी पीएचडी झाली. विषय होता किरकोळ विक्रीच्या दुकानांतल्या कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण. कुठल्या पद्धतीने शिकवलं तर शिकवलेलं खरोखर काउंटरवर उतरतं, एवढाच प्रश्न. व्यवस्थापन, दुकानदारी आणि अध्यापन अशी तीन शास्त्रं त्यात एकत्र येत होती. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, मी तर तीन घरची होते.

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी गठ्ठ्यातून पाच-सहा प्रश्नावल्या काढल्या. ‘सहमत’च्या रकान्यात वरपासून खालपर्यंत खुणा, ओळंबा लावल्यासारख्या सरळ. एकीवर तर पहिल्या आणि शेवटच्या विधानावर टिक करून मधे एक लांबलचक रेघ ओढून दिली होती. त्यातलं एक विधान मी मुद्दाम उलटं घातलं होतं: ‘प्रशिक्षणाचा रोजच्या कामात काही उपयोग होत नाही.’ त्यालाही सगळे सहमत.

“यांनी काय लिहिलं ते कळलं,” मॅडम म्हणाल्या. “तू काय पाहिलंस?”

मी काहीच पाहिलं नव्हतं. दुकानाच्या मागच्या खोलीत, मॅनेजरच्या देखत फॉर्म वाटले होते आणि सुट्टी संपायच्या आत गोळा केले होते.

या 384 चं गौडबंगाल आधी सांगते, कारण तुमच्याही संशोधनाच्या आराखड्यात तो आकडा येणारच. क्रेज्सी आणि मॉर्गन यांनी 1970 मध्ये नमुन्याच्या आकाराचा एक तक्ता दिला. त्यात समष्टी, म्हणजे ज्यांच्याबद्दल निष्कर्ष काढायचा तो सगळा समूह, 10 लाखांची असेल तर नमुना 384 चा. तक्ता चूक नाही. पण तो 95 टक्के विश्वासपातळी, 5 टक्के चूक आणि मुख्य म्हणजे यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून केल्यासारखी निवड गृहीत धरतो. जो कर्मचारी त्या वेळी मोकळा होता त्याच्या हातात फॉर्म देणं म्हणजे यादृच्छिक निवड नव्हे. सोयीने गोळा केलेली 384 माणसं ही सोयीचीच राहतात, मग ती 4,000 केली तरी.

मॅडमनी मला सहा आठवडे दिले. अट एकच: कुणाला काही विचारायचं नाही, फक्त बघायचं आणि लिहायचं. आताही कुणी नवीन विद्यार्थी भेटला तर मी हेच सांगते. संशोधन-साहित्याचा आढावा, गृहीतकं वगैरे चालू राहू दे, पण आधी काही आठवडे दुकानात उभे राहा. वही लहान घ्या, मोठी वही बघितली की लोकांना तपासणीला आल्यासारखं वाटतं. वेळ आलटून पालटून निवडा, दुकान उघडताना, ऐन गर्दीत, पाळी बदलताना आणि माल उतरताना. पहिल्या तीन दिवसांच्या नोंदी फेकून द्या. तेवढे दिवस सगळे तुमच्यासाठी काम करत असतात, चौथ्या दिवशी कंटाळतात आणि तुम्हाला विसरतात.

या ‘आपल्याकडे कुणीतरी बघतंय’ परिणामाला हॉथॉर्न परिणाम म्हणतात. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या कारखान्यात 1924 ते 1932 दरम्यान झालेल्या प्रयोगांवरून ते नाव पडलं. उजेड वाढवला तरी उत्पादन वाढलं, कमी केला तरी वाढलं, अशी गोष्ट प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. मीही ती पहिल्या प्रकरणात तशीच उतरवली होती. मग कळलं की लेविट आणि लिस्ट या दोन अर्थशास्त्रज्ञांनी उजेडाच्या प्रयोगाचे मूळ आकडे शोधून काढून 2011 मध्ये पुन्हा तपासले, तर गोष्टीतल्याइतका ठळक परिणाम त्यात नव्हताच. ते पान मी खोडलं. एकाने दुसऱ्याचं वाचून लिहिलेलं तिसऱ्याने उतरवायचं, हा आपल्या विषयातला जुना रोग आहे. मूळ लेख मिळवा, निदान त्यातले तक्ते तरी बघा.

आता काउंटरकडे. माझ्या वहीतलं सगळ्यात कामाचं पान नवव्या दिवसाचं आहे. एका ग्राहकाने एकाच कंपनीच्या शाम्पूच्या चार बाटल्या ठेवल्या, दोन हिरव्या, दोन निळ्या. किंमत सारखीच. बिलिंगवरच्या मुलीने एक हिरवी बाटली उचलली, यंत्रासमोर धरली, चारचा आकडा दाबला आणि चारही पिशवीत सरकवल्या. रांग मोठी होती, पैशांत काही फरक पडणार नव्हता. पण संगणकाच्या लेखी हिरव्या चार गेल्या आणि निळी एकही गेली नाही. नंतर शेल्फवर निळी संपेल, संगणक म्हणेल दोन शिल्लक आहेत आणि नवीन माल मागवलाच जाणार नाही.

मी न राहवून विचारलंच. ती म्हणाली, “ताई, आम्हाला शिकवताना सांगितलं होतं की प्रत्येक वस्तू वेगळी स्कॅन करा. पण मिनिटाला किती वस्तू होतात तेही मोजतात ना.”

माझ्या प्रश्नावलीत ‘मला बिलिंगचं योग्य प्रशिक्षण मिळालं आहे’ असं विधान होतं. ती सहमत झाली असती, आणि खोटंही नसतं ते. तिला माहीत होतं, तरी ती करत नव्हती, आणि न करण्याचं कारण प्रशिक्षणात नव्हतंच, वेग मोजण्याच्या पद्धतीत होतं. वर्गात कितीही चांगलं शिकवा, बाहेर दुसऱ्याच गोष्टीला शाबासकी मिळत असेल तर शिकवलेलं दारातच राहतं.

पुढे वाचताना डीहोरेशियस आणि रामन यांचा 2008 चा अभ्यास सापडला. एका कंपनीच्या 37 दुकानांतल्या जवळजवळ 3 लाख 70 हजार साठानोंदी त्यांनी प्रत्यक्ष मोजणीशी ताडून पाहिल्या, तर 65 टक्के नोंदी चुकीच्या निघाल्या. हे वाचण्याआधी मी दुकानाकडून मिळालेली साठ्याची एक्सेल फाइल वेदवाक्य मानून चालले होते. दुकानाचा डेटा वापरणार असाल तर निदान 50 वस्तू स्वतः शेल्फपाशी जाऊन मोजा. एक दुपार जाते, पण व्हायवाला, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत, उत्तर असतं.

अध्यापन-पद्धतीची बाजू मला सोपी वाटली होती. एका गटाला स्लाइड दाखवून व्याख्यान, दुसऱ्या गटाला रोल-प्ले: एकाने ग्राहक व्हायचं, एकाने विक्रेता, बाकीच्यांनी चुका पकडायच्या. शेवटी अभिप्राय. अभिप्रायात व्याख्यान सरळ जिंकलं. ‘छान समजलं’, ‘सर फार सुंदर बोलले’. रोल-प्लेवाल्यांनी लिहिलं, ‘गोंधळ झाला’, ‘सगळ्यांसमोर चुकायला लाज वाटते’. तोच निष्कर्ष लिहून मी मोकळी होणार होते.

पण चार आठवड्यांनी ग्राहक बनून गेलेल्या निरीक्षकांच्या नोंदी आल्या. माल पुढे करण्याआधी विक्रेता ‘कुणासाठी हवंय, कशासाठी हवंय’ असं निदान एकदा तरी विचारतो का, एवढंच आम्ही मोजत होतो. तिथे रोल-प्लेवाले स्पष्ट पुढे होते. म्हणजे ज्यांना कमी शिकल्यासारखं वाटलं, त्यांच्यात जास्त मुरलं होतं. हे माझंच नवल नाही. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांवर डेलोरिए आणि सहकाऱ्यांनी केलेला 2019 चा प्रयोग हेच सांगतो: स्वतः गणितं सोडवत शिकलेल्यांना चाचणीत गुण जास्त, पण ‘आपण जास्त शिकलो’ असं वाटणं मात्र व्याख्यान ऐकणाऱ्यांचं. कर्कपॅट्रिकने 1959 पासून प्रशिक्षण मोजण्याच्या चार पायऱ्या सांगून ठेवल्या आहेत: आवडलं का, कळलं का, कामात उतरलं का, धंद्यात दिसलं का. बहुतेक प्रबंध पहिल्या पायरीवरच बसकण मारतात, कारण तिथे फॉर्म वाटला की काम होतं.

याच वाटेवरचा आणखी एक खड्डा: ‘दृश्य पद्धतीने शिकणारे’ आणि ‘ऐकून शिकणारे’ अशी वर्गवारी. दर दुसऱ्या आराखड्यात दिसते. पॅश्लर आणि इतरांनी 2008 मध्ये तोवरचं संशोधन तपासून सांगितलं की शैलीनुसार शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा पुरावा नाही. त्यावर प्रबंध उभारू नका.

संख्याशास्त्रातली माझी मोठी चूक परीक्षकांच्या आधी एका सहाध्यायाने पकडली, हे माझं नशीब. 12 शाखा, प्रत्येकी 12 जण, म्हणून मी 144 स्वतंत्र माणसं धरली होती. पण एका शाखेतली माणसं एका मॅनेजरच्या हाताखालची, एकमेकांचं बघून वागणारी. त्यांच्यातलं साम्य (0 म्हणजे काहीच नाही, 1 म्हणजे सगळे अगदी एकसारखे) अगदी 0.1 धरलं तरी हिशेब असा: 1 अधिक शाखेतले बाकीचे 11 गुणिले 0.1 म्हणजे 2.1, आणि 144 भागिले 2.1 म्हणजे जेमतेम 69 स्वतंत्र माणसं. निम्म्याहून जास्त नमुना बघता बघता हवेत गेला. शाखा वाढवा, शाखेतली माणसं वाढवून फारसं हाती लागत नाही. त्यात प्रशिक्षण झालेली एक मुलगी तुलनेच्या गटातल्या शाखेत बदलून गेली आणि आठवड्याभरात तिने तिथल्या चौघांना सगळं शिकवलं. मुलगी हुशार, माझा तुलनेचा गट मात्र बाद. बदल्यांची यादी आधी मागून घ्या.

परवानगी लेखी घ्या, आणि मॅनेजरच्या नव्हे तर वरच्या कार्यालयाच्या सहीने. एका ठिकाणी तोंडी ‘या की’ म्हणणारे साहेब बदलून गेले आणि नव्यांनी मला दारातूनच परत पाठवलं. तीन महिन्यांचं काम गेलं. कर्मचाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगा की त्यांचं नाव किंवा उत्तर मॅनेजरपर्यंत जाणार नाही, आणि मग ते खरंच जाऊ देऊ नका. मला दोनदा ‘सहज’ म्हणून यादी मागितली गेली. नाही म्हणताना जड गेलं, कारण प्रवेश त्यांच्याच हातात होता.

नोकरीचं विचाराल तर शिकवण्याची जागा, कंपन्यांचे प्रशिक्षण विभाग आणि ग्राहक-संशोधन करणाऱ्या संस्था, असे तीन रस्ते मी बघितले. तिन्हीकडच्या मुलाखतींत प्रबंधाच्या नावावर कुणी थांबलं नाही. शाम्पूच्या बाटल्यांची गोष्ट मात्र प्रत्येक ठिकाणी पूर्ण ऐकून घेतली, आणि एका ठिकाणी समोरच्या बाईंनी मधेच थांबवून विचारलं, “मग तुम्ही त्या मुलीचं नाव सांगितलंत का कुणाला?”

नाही सांगितलं. दुकानाला दिलेल्या अहवालात मी एवढंच लिहिलं की बिलिंगचा वेग मोजणं महिनाभर थांबवून बघा. त्यांनी दोन शाखांत थांबवलं. त्या महिन्यात दोन्हीकडे मी पुन्हा वही घेऊन उभी होते.