कारच्या विम्याचा प्रीमियम कशातून बनतो आणि तो नेमका कुठे कमी करावा

रिन्यूअलची तारीख जवळ आली की एकाच गाडीसाठी तीन ठिकाणांहून तीन वेगळे आकडे येतात, आणि बहुतेक जण त्यातला सगळ्यात लहान आकडा निवडून मोकळे होतात. तो आकडा लहान का आहे, हे कोटेशनमध्येच लिहिलेलं असतं. ते वाचायचं कसं, हे इथे एका गाडीवर करून दाखवलं आहे. गाडी पुण्यात नोंदवलेली, ११९७ सीसीची पेट्रोल हॅचबॅक, तीन वर्षं उलटून चौथं लागलेलं, आणि गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या यादीतली आजची किंमत ८ लाख रुपये.

आधी कोटेशनचे दोन भाग करा

एक भाग थर्ड पार्टीचा, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा, दुसरा ओडीचा, म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. हे दोन भाग वेगळे केल्याशिवाय कुठल्याही सुटीला अर्थ नाही. एजंटने सांगितलेली सूट आणि तुमचा नो क्लेम बोनस (क्लेम न घेतलेल्या वर्षांसाठीची सूट), दोन्ही फक्त ओडीवर चालतात.

थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं, त्यामुळे तो सगळ्या कंपन्यांकडे सारखाच असतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार खासगी कारला १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि १५०० च्या वर ७,८९७ रुपये वर्षाला. इलेक्ट्रिक कारला इंजिन नाही म्हणून किलोवॅटवर मोजतात: ३० पर्यंत १,७८०, ३० ते ६५ ला २,९०४, त्यापुढे ६,७१२. हायब्रिडला या भागात साडेसात टक्के सूट आहे. १४९७ सीसीची गाडी आणि १५९८ सीसीची गाडी यांच्यात इथेच साडेचार हजारांचा फरक पडतो, आणि तो दरवर्षी पडतो. गाडी घ्यायच्या आधी हे ठाऊक असावं.

आपली गाडी ११९७ सीसीची, म्हणजे ३,४१६ रुपये. यात घासाघीस नाही. कुणी या ओळीत जास्त आकडा लावला असेल, तर त्यात सीएनजी, पगारी ड्रायव्हर असं काही जोडलंय का ते विचारा.

नवी गाडी घेताना थर्ड पार्टी तीन वर्षांचा एकदम भरावा लागतो. सप्टेंबर २०१८ पासून हा नियम आहे. म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी फक्त ओडीची स्वतंत्र पॉलिसी घ्यायची. त्या दोन वर्षांत कोटेशनमध्ये थर्ड पार्टीची रक्कम दिसली, तर तुम्ही एकाच गोष्टीचे दोनदा पैसे भरताय.

ओडीचा आकडा

ओडीची सुरुवात आयडीव्हीपासून होते. आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पार निकामी झाली तर मिळणारी जास्तीत जास्त रक्कम. यादीतल्या किमतीतून गाडीच्या वयाप्रमाणे घसारा वजा करतात: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५०. पाच वर्षांनंतर कंपनी आणि तुम्ही मिळून रक्कम ठरवता. आरटीओचा रोड टॅक्स, नोंदणीचा खर्च यात येत नाही.

आपल्या गाडीचा आयडीव्ही ८ लाखांतून ४० टक्के वजा जाता ४,८०,००० रुपये.

आता त्यावरचा दर. ओडीचे दर २००७ पासून खुले आहेत, पण बऱ्याच ठिकाणी आकडेमोड अजूनही जुन्या टॅरिफच्या (तेव्हाच्या ठरवून दिलेल्या दरपत्रकाच्या) टक्केवारीपासून सुरू होते आणि कंपनी त्यावर आपली सूट देते. त्या टॅरिफमध्ये देशाचे दोन झोन आहेत. झोन ए मध्ये आठ शहरं: मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद. बाकी सगळा देश झोन बी. म्हणजे सोलापूर, कोल्हापूर, नागपूर, पणजी हे सगळे बी. झोन ठरतो तो गाडीची नोंदणी कुठली आहे त्यावरून.

पाच वर्षांच्या आतल्या, १००० ते १५०० सीसीच्या गाडीला झोन ए मध्ये ३.२८३ टक्के दर आहे, झोन बी मध्ये ३.१९१. आपल्या गाडीला १५,७५८ रुपये, तीच सोलापूरची असती तर १५,३१७. फरक ४४१ रुपयांचा, तोही सूट मिळण्याआधीचा. शहराच्या नावाने प्रीमियम फार चढतो असं जे म्हणतात, ते झोनमुळे होत नाही. खरा फरक कंपनीच्या सुटीत लपलेला असतो. ज्या मॉडेलचे क्लेम जास्त येतात, ज्याचे सुटे भाग महाग आहेत, ज्या भागात चोऱ्या जास्त आहेत, तिथे सूट कमी मिळते. एकाच गाडीला एक कंपनी ४० टक्के देते, दुसरी ७०. म्हणून किमान तीन कोटेशनं घ्यावीत, आणि तिन्हींत आयडीव्ही अन् ॲड-ऑन (जादा पैसे भरून घ्यायची जोड संरक्षणं) अगदी सारखे ठेवून घ्यावीत. नाहीतर तुलना होतच नाही.

समजा आपल्याला ६० टक्के सूट मिळाली. १५,७५८ चे राहिले ६,३०३. तीन वर्षांत एकही क्लेम नाही, म्हणून नो क्लेम बोनस ३५ टक्के. राहिले ४,०९७. झिरो डेपचे (क्लेममध्ये सुट्या भागांचा घसारा न कापणाऱ्या ॲड-ऑनचे) समजा १,९०० आणि मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याचे ३५० धरले (हे दोन आकडे कंपनीनुसार बदलतात). थर्ड पार्टीचे ३,४१६ मिळवून बेरीज ९,७६३. त्यावर १८ टक्के जीएसटी १,७५७. एकूण ११,५२० रुपये. सप्टेंबर २०२५ मध्ये व्यक्तिगत आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला, गाडीच्या विम्यावरचा मात्र तसाच आहे.

आयडीव्ही उतरवून स्वस्त केलेलं कोटेशन

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि ते क्लेमच्या दिवशीच कळतं. ‘तुम्हाला स्वस्तात करून देतो’ म्हणत ४,८०,००० चा आयडीव्ही ४,००,००० केला जातो. वाचतं किती ते पाहा. ८०,००० चे ३.२८३ टक्के म्हणजे २,६२६. सूट जाऊन १,०५१, बोनस जाऊन ६८३, जीएसटीसकट ८०६ रुपये. गाडी चोरीला गेली तर या ८०६ रुपयांपायी हातात ८०,००० कमी येतील. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपलीकडे गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरतात, म्हणजे आयडीव्ही खाली आणला की ती हद्दही खाली येते. दुरुस्त होऊ शकणारी गाडी त्यामुळे भंगारात जमा होऊ शकते.

उलटही करू नका. बाजारभावापेक्षा फुगवलेल्या आयडीव्हीवर उगाच प्रीमियम भरावा लागतो.

नो क्लेम बोनस जपायचा कसा

बोनसची शिडी अशी: एक वर्ष क्लेम नसेल तर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि ५०. एक क्लेम घेतला की पुढच्या वर्षी शून्य. म्हणून बंपरला ओरखडा आला की लगेच क्लेम टाकायचा नाही, आधी हिशेब करायचा.

आपल्या गाडीला पुढच्या वर्षी ४५ टक्के मिळणार आहेत, मग कायम ५०. आज क्लेम घेतला तर पुढची वर्षं ०, २०, २५, ३५, ४५ अशी जातील. दरवर्षीचा तोटा अनुक्रमे ४५, ३०, २५, १५ आणि ५ टक्के, मिळून १२० टक्के. पुढच्या वर्षी आयडीव्ही ४ लाख होईल, सूट धरून ओडी साधारण ५,२५० रुपये. त्याचे १२० टक्के ६,३००, जीएसटीसह ७,४०० च्या आसपास. गाडी जुनी होईल तसा ओडी उतरत जातो, म्हणून सहा हजार धरा. वर प्रत्येक क्लेममधून सक्तीची कपात असतेच: १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये, त्यावर २,०००. म्हणजे या गाडीचं गॅरेजचं बिल सात हजारांच्या आत असेल तर खिशातून द्यावं. बारा-पंधरा हजारांचं असेल तर निःशंक क्लेम घ्यावा.

पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की जमलेला सगळा बोनस जातो. पण ९० दिवसांची सवलत फक्त बोनसची आहे. संरक्षण मुदत संपल्या क्षणी थांबतं, आणि मधल्या काळात विना विमा सापडलात तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड, पुन्हा सापडलात तर ४,०००. शिवाय खंड पडला की कंपनी गाडीची तपासणी किंवा फोटो-व्हिडिओ मागते. रिन्यूअल मुदतीच्या दोन-तीन आठवडे आधी उरकावं.

आणखी एक गोष्ट, जी शोरूममध्ये सहसा कुणी आपणहून सांगत नाही. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. दसऱ्याला जुनी गाडी देऊन नवी घेताय, जुन्या गाडीवर ५० टक्के बोनस होता, तर तो नव्या गाडीच्या ओडीवर लागतो. दहा लाखांच्या त्याच सीसीच्या गाडीचा ओडी सुटीआधी ३१,१८८ रुपये होतो. निम्मी सूट धरली तरी बोनसमुळे ७,८०० च्या घरात वाचतात. त्यासाठी जुनी गाडी विकल्याची कागदपत्रं (फॉर्म २९, ३० च्या प्रती, विक्रीची पावती) जुन्या विमा कंपनीला देऊन बोनस राखून ठेवल्याचं पत्र घ्या. ते तीन वर्षं चालतं. दोन्ही गाड्या एकाच नावावर हव्यात. वडिलांच्या नावची गाडी विकून मुलाच्या नावावर घेतली, तर वडील हयात असताना बोनस मुलाकडे येत नाही.

जुनी गाडी विकत घेणाऱ्याला आधीच्या मालकाचा बोनस मिळत नाही. त्याने मालकी बदलल्यापासून १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी. आणि क्लेम घेतलेला असताना ‘क्लेम नाही’ असं लिहून बोनस घेऊ नका, एजंटने सुचवलं तरी. कंपन्या आपसांत पडताळणी करतात. ते उघड होतं नेमकं मोठ्या क्लेमच्या वेळी, आणि तो क्लेम नाकारला जाऊ शकतो.

ॲड-ऑन: कुठले घ्यायचे

झिरो डेप पहिली पाच वर्षं घ्यावाच. तो नसेल तर रबर, प्लॅस्टिक, नायलॉन, बॅटरी, एअरबॅग यांचे निम्मेच पैसे मिळतात, फायबरला ३० टक्के कापतात, आणि धातूच्या भागांना वयाप्रमाणे, चौथ्या वर्षात २५ टक्के. काचेला कपात नाही. आजच्या गाड्यांचे बंपर, ग्रिल, आरशांची घरं सगळं प्लॅस्टिक. आठ हजारांचा बंपर बदलला की चार हजार तुमचे. झिरो डेप असला तरी सक्तीची कपात राहतेच, आणि वर्षात किती क्लेम चालतील याची मर्यादा असते. ती कोटेशनमध्ये बघा.

इंजिन प्रोटेक्ट कुणी घ्यावा? ज्यांची गाडी पाणी भरणाऱ्या पार्किंगमध्ये उभी असते त्यांनी. चिपळूणमध्ये जुलै २०२१ ला किंवा सांगली-कोल्हापुरात २०१९ ला जसं पाणी चढलं, तशात गाडी बुडाली तर पुराचं नुकसान साध्या ओडीत येतं. पण पाणी इंजिनात असताना चावी फिरवली, की हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जातं. हे नुकसान चालकाच्या चुकीने झालं असं धरून कंपनी नाकारते. इंजिन प्रोटेक्ट असतो तो यासाठीच. ॲड-ऑन असो वा नसो, पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करू नका. ढकलून किंवा टो करून बाहेर काढा आणि गॅरेजमध्ये न्या.

रिटर्न टू इनव्हॉइस, म्हणजे चोरी किंवा टोटल लॉसमध्ये आयडीव्हीऐवजी बिलातली किंमत देणारा ॲड-ऑन, नव्या गाडीला पहिली दोन-तीन वर्षं चांगला, विशेषतः कर्जावरच्या. चावी, टायर वगैरेंचे ॲड-ऑन सोडून दिले तरी चालतं.

स्वेच्छा कपातीने, म्हणजे क्लेममधली ठरावीक रक्कम आपण सोसू असं आधीच मान्य केल्याने, प्रीमियम घटतो, पण थोडा. जुन्या टॅरिफमध्ये २,५०० रुपयांची कपात मान्य केली तर २० टक्के सूट, पण जास्तीत जास्त ७५० रुपये. १५,००० मान्य केले तर ३५ टक्के, जास्तीत जास्त २,५००. कंपनीकडून नेमके किती रुपये सुटतात ते विचारा, आणि तेवढ्यासाठी प्रत्येक क्लेमला ती रक्कम भरायची तयारी आहे का ते ठरवा. १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा तुमच्याकडे आधीच असेल, तर तसं लिहून देऊन या पॉलिसीतला वगळता येतो.

सीएनजी आणि भाड्याने चालवणं

बाहेरून किट बसवलं तर जुन्या टॅरिफप्रमाणे किटच्या किमतीच्या ४ टक्के ओडीत आणि ६० रुपये थर्ड पार्टीत वाढतात. ६०,००० च्या किटला २,४०० रुपये, तेही सुटीआधी. एवढे वाचवायला किट लपवलं आणि गाडीला आग लागली, तर पूर्ण क्लेम अडकतो. किट आधी आरसी बुकात चढवा, मग पॉलिसीत. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवताना अपघात झाला तरी हेच होतं.

पैसे भरल्यावर आलेली पीडीएफ त्याच दिवशी उघडा. इंजिन आणि चॅसी नंबर, सीसी, इंधन, नोंदणीचं ठिकाण, उत्पादनाचं वर्ष आरसीशी ताडून बघा. बोनसचा टक्का, आयडीव्ही, ॲड-ऑनची नावं आणि कर्ज असेल तर बँकेचं नाव तपासा. कर्ज फिटलं असेल तर ते नाव काढून घ्या, नाहीतर टोटल लॉसची रक्कम अडून राहते. चूक दिसली की कंपनीला मेल करून एन्डोर्समेंट (पॉलिसीतली लेखी दुरुस्ती) मागा, फोनवरच्या आश्वासनावर थांबू नका.