अंगाला साजेल तो कॉर्सेट: कोणत्या काळाचा घाट कोणाला

कॉर्सेट, म्हणजे आत ताठ पट्ट्या घातलेलं आणि पाठीमागे नाडीने आवळायचं जुन्या युरोपीय पोशाखातलं अंतर्वस्त्र, निवडताना नजर आधी कंबरेच्या आकड्यावर जाते. तो आकडा शेवटी बघावा. कंबर नाडीने थोडीफार कमी-जास्त करता येते; धडाची लांबी, बरगड्यांची रुंदी आणि नितंबांचा फुगवटा नाडीने बदलत नाहीत. फसलेले बहुतेक कॉर्सेट या तीन ठिकाणीच फसलेले असतात.

शिवाय ‘व्हिक्टोरियन’ नावाचा एकच घाट नव्हता. १८६० च्या दशकातला आखूड कॉर्सेट आणि १८८० च्या दशकातला लांब कॉर्सेट, दोन्ही व्हिक्टोरिया राणीच्याच काळातले. पण एकीला छान बसणारा दुसरीच्या मांडीत रुतेल.

मापं

मापं ब्रा न घालता, पातळ सुती कपड्यावर, श्वास सहज सोडून घ्या. कंबर नेमकी कुठे आहे हे डोळ्यांनी ठरवू नका. पोटाभोवती इलॅस्टिक बांधून डावी-उजवीकडे वाका. ते जिथे स्थिरावेल ती कंबर. आता चार घेर मोजा: छातीचा (स्तन हव्या त्या उंचीवर उचलून), छातीखालचा, कंबरेचा, आणि ओटीचा, म्हणजे कमरेच्या हाडांच्या वरच्या टोकाशी. मग कडक खुर्चीवर बसून छातीखालून मांडीच्या घडीपर्यंतचं उभं अंतर घ्या. हे माप बहुतेक जण उभ्याने घेतात आणि बसायची वेळ आली की पस्तावतात. पुढचा खालचा काठ या घडीच्या किमान एक इंच वर संपायला हवा.

समजा छातीखाली ३२, कंबर २८ आणि ओटीचा घेर ३६ इंच आहे. पहिल्या कॉर्सेटला कंबर २ ते ३ इंचांपेक्षा जास्त आवळू नये, म्हणून २५ धरू. पाठीमागे नाडीची फट २ इंच ठेवायची, तर कॉर्सेटचं स्वतःचं माप ३०-२३-३४ होईल. यातल्या २३ पेक्षा महत्त्वाचे आकडे ७ आणि ११: कंबरेपासून बरगड्यांपर्यंत ७ इंचांचा फरक, ओटीपर्यंत ११ इंचांचा. तयार कॉर्सेट घेताना नुसती ‘साइझ’ न विचारता हे दोन फरक विचारा. विकणाऱ्याला ते सांगता येत नसतील, तर तिथून घेऊ नये.

कोणता काळ, कोणतं अंग

अठराव्या शतकात कॉर्सेटला ‘स्टेझ’ म्हणत. त्याचा आकार उलट्या शंकूसारखा: छाती सपाट करून वर उचललेली, खांद्यावर बहुधा पट्ट्या, आणि कंबरेखालच्या काठाला चिरून केलेल्या पाकळ्या. ज्यांची कंबर आणि बरगड्या जवळपास सारख्याच आहेत, म्हणजे अंग सरळसोट आहे, त्यांनी आधी याचाच विचार करावा. हा घाट कंबर बारीक असण्यावर अवलंबूनच नाही. कंबर बारीक भासते ती घागऱ्याखाली बांधलेल्या उशीमुळे. पाकळ्या नितंबांवर पसरतात, म्हणून आखूड धडालाही तो सहसा टोचत नाही. मात्र खांदे उतरते असतील तर पट्ट्या सारख्या घसरतात; त्या पाठीवर एकमेकींच्या जवळ लावा किंवा बिनपट्टीचा नमुना घ्या.

१८०० ते १८२० च्या सुमाराचा, उंच कंबरेच्या झग्याखालचा कॉर्सेट कंबर आवळतच नाही. छातीला त्रिकोणी कळ्या आणि मधोमध लाकडी किंवा हाडाची ताठ पट्टी, म्हणजे बस्क: काम एवढंच की स्तन वेगळे करून वर धरायचे. छाती भरदार असेल तर कळ्यांसारखी सोय नाही. कळी उसवून पाव-अर्धा इंच रुंद करता येते; उभे कापडी तुकडे जोडून शिवलेल्या कॉर्सेटमध्ये तेवढ्यासाठी दोन-तीन शिवणी उसवाव्या लागतात. कळीचं टोक हे कमकुवत ठिकाण. तिथे हाताने दाट टाके घातले नाहीत तर कापड तिथूनच फाटतं. १८३०-४० च्या दशकांत सुतळी भरून ताठ केलेले कॉर्सेटही होते. ज्यांना पोलादी पट्ट्या नकोत, त्यांना ते मऊ आणि मापातला थोडाफार फरक सोसणारे वाटतील.

आखूड धडाला सगळ्यात सोयीचा १८६० च्या दशकातला. वर क्रिनोलिनचा, म्हणजे घागरा फुगवणाऱ्या कड्यांच्या सांगाड्याचा, प्रचंड घेर असल्यामुळे नितंब झाकायची गरज नव्हती, म्हणून तो ओटीवरच संपतो. पुढे उघडणारा पोलादी बस्क आणि धातूची आयलेट, म्हणजे नाडी ओवायची धातूच्या काठाची भोकं, तोवर रुळली होती, त्यामुळे एकटीला घालता-काढता येतो. हाच कॉर्सेट लांब धडावर घातला, तर खालच्या काठाखाली पोटाची वळी बाहेर येते. हा दोष अंगाचा नाही, लांबीचा आहे. नाडी आणखी ओढली की वळी वाढते.

लांब धड आणि मऊ ओटीपोट असेल तर १८७० चं दशक सरता सरता आणि १८८० च्या दशकात चाललेले लांब नमुने घ्या. तेव्हाची चोळी नितंबांपर्यंत अंगालगत असे, म्हणून कॉर्सेटही खाली उतरला. यातला ‘स्पून बस्क’ खाली चमच्यासारखा रुंद आणि आत वळलेला असतो. तो ओटीपोट खालून तोलून धरतो. सरळ बस्क तिथे वरून दाबतो आणि मांस खाली ढकलतो. सपाट पोटाला मात्र स्पून बस्क उगाच बोचतो.

१९०० च्या सुमाराचा, पुढून सरळ असलेला ‘एस’ आकाराचा कॉर्सेट चित्रात मोहक दिसतो. तो छाती पुढे आणि नितंब मागे काढतो. पाठीच्या खालच्या भागात आधीच बाक किंवा दुखणं असेल तर याच्या वाटेला जाऊ नका. हौसेने घालायचाच, तर मागच्या-पुढच्या उशांनी तो बाक भासवता येतो. १९१० च्या दशकातला छातीखालून मांडीपर्यंत उतरणारा कॉर्सेट रुंद नितंबांना एक सलग रेघ देतो, कंबर फारशी घटवत नाही. त्याच्या पोलादी पट्ट्या खालच्या काठाच्या बऱ्याच वर संपायला हव्यात, नाहीतर बसताच येणार नाही.

छाती लहान असेल तर उंच काठाचा कॉर्सेट वरून सुटा राहतो. तिथे कापसाची गादी भरावी. त्या काळीही भरतच असत.

घालून बघताना

आधी जाड, न ताणणाऱ्या सुती कापडाचा कच्चा नमुना शिवून त्यात ताठ पट्ट्या चिकटपट्टीने लावा आणि नाडी ओवा. नाडी ५ ते ६ मीटर लागते. बसा, वाका, जिना चढा. गर्भारपण, हर्निया, आम्लपित्त, रक्तदाब किंवा पोटाची शस्त्रक्रिया असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मांडीला मुंग्या आल्या, बधिरपणा आला किंवा श्वास अडला तर लगेच सैल करा. सुरुवातीचे काही दिवस तासाभरापेक्षा जास्त घालू नका. आणि नाडी सैल केल्याशिवाय बस्क उघडू नका. त्याच्या कड्या वाकतात आणि पुन्हा सरळ होत नाहीत.

बाकी सगळं पाठीमागची फट सांगते. ती वरपासून खालपर्यंत सारखी हवी. वर रुंद आणि खाली अरुंद असेल, तर बरगड्यांना जागा कमी पडली आहे. उलट असेल, तर ओटीला. मधे जुळलेली पण दोन्ही टोकांना फाकलेली फट म्हणजे वर-खाली दोन्हीकडे माप कमी. जास्त घेराचा नमुना हवा. मधे फाकलेली आणि टोकांना जुळलेली फट सगळ्यात फसवी: कंबर आवळायची उरलीय असं वाटतं, पण बरगड्या आणि ओटीकडे कॉर्सेट रिकामा असतो. ओढत राहिलात तर आयलेटजवळच्या पट्ट्या कायमच्या वाकतील. कंबरेशी आडव्या चुण्या पडत असतील, तर कॉर्सेटची कंबर तुमच्या कंबरेच्या वर किंवा खाली आली आहे. अशा वेळी नाडीला हात न लावता बसून घेतलेलं ते उभं माप पुन्हा काढून बघा.