लिनक्सवर मेमरी कार्ड माउंट होत नसेल तर

कार्ड खाचेत सरकवले आणि ते माउंट झाले नाही, म्हणजे वापरासाठी जोडले न गेल्याने फाइल मॅनेजरमध्ये काहीच उमटले नाही, की बहुतेकांचा हात आधी फॉरमॅटकडे जातो. तो तेवढा आवरावा. गाडी रीडरपाशी अडली आहे, पार्टिशनपाशी (कार्डावरच्या विभागापाशी) की फाइल सिस्टिमपाशी (फायली मांडून ठेवण्याच्या रचनेपाशी), हे कळल्याशिवाय केलेली दुरुस्ती पुष्कळदा मूळ बिघाडापेक्षा महाग पडते.

टर्मिनलमध्ये ‘सुडो डीमेसेज’ ही आज्ञा छोट्या डब्ल्यूचा पर्याय जोडून चालवावी आणि ती चालू असतानाच कार्ड काढून पुन्हा घालावे. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, कार्ड दिसले, तर त्याच क्षणी नव्या ओळी उमटतात: लॅपटॉपच्या स्वतःच्या खाचेतले कार्ड बहुधा ‘एमएमसीबीएलके०’ या नावाने, तर यूएसबी रीडरमधले ‘एसडीबी’ किंवा ‘एसडीसी’ अशा नावाने, आपल्या क्षमतेसह. एकही ओळ उमटली नाही, तर माउंटच्या आज्ञा देत बसण्यात अर्थ नसतो. अशा वेळी कार्डाचे सोनेरी संपर्क कोरड्या मऊ कापडाने पुसावेत आणि दुसरा पोर्ट व दुसरा रीडर वापरून पाहावा. मायक्रोएसडी ज्यात बसवतो ते अ‍ॅडॉप्टर आधी बदलावे. माझ्या अनुभवात कार्डापेक्षा तेच अधिक वेळा दगा देते.

कार्ड दिसत असेल, तर ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा छोट्या एफच्या पर्यायासह द्यावी. पार्टिशनच्या नावापुढे फाइल सिस्टिमचा प्रकार दिसतो. ३२ जीबीपेक्षा मोठी एसडीएक्ससी कार्डे सहसा एक्सफॅटमध्ये तयार केलेली असतात आणि लिनक्स कर्नलमध्ये एक्सफॅटचा ड्रायव्हर २०१९ साली, ५.४ या आवृत्तीपासून आला. त्यामुळे जुन्या कर्नलवर ‘अननोन फाइलसिस्टिम टाइप’ असा संदेश आला, तर कार्ड बिघडले असे समजू नये. ‘एक्सफॅट-फ्यूज’ हे पॅकेज बसवल्यावर काम बहुधा भागते. ‘राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक’ हा संदेश मात्र फार मोघम आहे. तो आल्यावर डीमेसेजच्या शेवटच्या ओळी वाचाव्यात, कारण खरे कारण तिथे सापडते.

कार्डाच्या कडेच्या कुलपाच्या खटक्याला उगाच दोष दिला जातो. तो बंद असला, तर कार्ड केवळ वाचनापुरते माउंट होते. तरीही एक अपवाद आहे: ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइल सिस्टिम असलेले कार्ड नीट अनमाउंट न करता काढलेले असेल, तर त्याचे जर्नल (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंदवही) पूर्ववत करण्यासाठी कर्नलला लिहावे लागते आणि खटका बंद असल्यास कर्नल माउंट करायलाच नकार देतो.

फाइल सिस्टिमच बिघडली असेल, तर दुरुस्तीआधी ‘डीडीरेस्क्यू’ या आज्ञेने संपूर्ण कार्डाची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल, हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावी. आज्ञेत मॅपफाइलचे (कामाच्या प्रगतीची नोंद ठेवणाऱ्या फायलीचे) नाव दिले, तर मध्येच थांबलेले काम तिथूनच पुढे सुरू करता येते. पुढचे सर्व प्रयोग त्या प्रतिमेवर करावेत. फॅट३२ असल्यास ‘एफएससीके.व्हीफॅट’ ही फाइल सिस्टिम तपासणारी व दुरुस्त करणारी आज्ञा आधी छोट्या एनच्या पर्यायासह चालवावी, म्हणजे काहीही न बदलता दोष तेवढे कळतात. मी एकदा ही पायरी गाळून मूळ कार्डावरच दुरुस्ती चालवली, तेव्हा फोटोंच्या जागी ‘एफएससीके००००.आरईसी’ अशा नावांच्या फायलींची रांग लागली होती आणि त्यांतली कोणती कशाची, हे एकेक उघडून शोधण्यात पूर्ण दिवस गेला.

डीमेसेजमध्ये ‘आय/ओ एरर’च्या (वाचण्या-लिहिण्यातल्या चुकीच्या) ओळी पुन्हापुन्हा येत असतील, तर एफएससीके मूळ कार्डावर मुळीच चालवू नये. मिळेल तेवढी प्रतिमा उतरवावी, ‘फोटोरेक’ या फायली परत मिळवणाऱ्या प्रोग्रामला त्या प्रतिमेतून फायली शोधू द्याव्यात आणि ते कार्ड पुन्हा कॅमेऱ्यात घालू नये.