पायथॉनने एक्सएमएल हाताळताय? या चुका टाळा

मे महिन्यातली दुपार, कुलरची खडखड आणि नागपूरच्या इतवारी बाजारातल्या एका ठोक व्यापाऱ्याचा फोन. "भाऊ, रद्द केलेली बिलं अजून दिसून राहिली ना!"

बिलं एक्सएमएलमध्ये, म्हणजे टॅग लावून माहिती ठेवलेल्या फाइलीत, आणि ती साफ करणारी पायथॉन स्क्रिप्ट त्यांच्या पुतण्याची. फॉर लूप बिलांवर फिरवायचा, 'रद्द' दिसलं की रिमूव्ह. टेस्टला त्याने तीनच बिलं घेतली होती, त्यातलं रद्द एकच, म्हणून सगळं चाललं. खऱ्या फाइलीत ४१ आणि ४२ लागोपाठ रद्द होती. ४१ उडालं, ४२ सरकून त्याच्या जागी आलं आणि लूप पुढच्या जागेवर निघून गेला. ४२ला कोणी विचारलंच नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही! दोन तास आम्ही डेटालाच शिव्या घातल्या. मी आधी फाइंडऑलने (हवे ते सगळे टॅग शोधून देणारी आज्ञा) वेगळी यादी काढतो आणि त्या यादीवर फिरत मूळ झाडातून, म्हणजे वाचलेल्या फाइलीच्या टॅगांच्या मांडणीतून, उडवतो. फिरता फिरता तोडायचं नाही.

दुसरं, स्ट्रिंगा जोडून एक्सएमएल लिहिणं. "दोन ओळींचं तर काम आहे," हे वाक्य ऐकलं की माझं डोकं तापतं. पार्टीच्या नावात & आलं की फाइल मोडलीच, आणि इतवारीत निम्म्या पाट्यांवर ते असतं. एलिमेंटट्रीकडून, म्हणजे पायथॉनसोबतच येणाऱ्या एक्सएमएलच्या लायब्ररीकडून, लिहून घ्या, ती बंदोबस्त स्वतः करते. रेजेक्सने (मजकुरात साचा शोधून) टॅग बदलणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय.

फाइंडऑल रिकामी यादी देतंय? फाइलीचा पहिला टॅग बघा. तिथे एक्सएमएलएनएस (xmlns, टॅग कोणत्या गटातले ते सांगणारा पत्ता) असेल, तर टॅगच्या नावाआधी महिरपी कंसात तो पत्ता द्या.

सेव्ह केल्यावर 'न'च्या जागी न दिसलं, तर घाबरू नका, फाइल बिघडलेली नाही. वेगळं सांगितलं नाही तर एलिमेंटट्री आस्कीत लिहिते, ज्यात देवनागरी अक्षरंच नाहीत. यूटीएफ-८ सांगा.

टॅग सापडला का, हे नुसत्या इफने तपासू नका. आत दुसरा टॅग नसेल तर सापडलेलाही 'नाही' ठरतो. नन (None, म्हणजे 'काहीच सापडलं नाही') आहे का तेवढं बघा.

कॉमेंट जपायच्या असतील तर एलएक्सएमएल (lxml) ही वेगळी लायब्ररी वापरा. वेगळं सांगितलं नाही तर एलिमेंटट्री त्या वाचतानाच गाळते.

आणि मूळ फाइलवर कधीच सेव्ह करू नका. पुतण्याने तेच केलं होतं. जुनी प्रत सापडली ती माझ्या पेनड्राइव्हवर, आदल्या आठवड्यात भलत्याच कामासाठी नेलेली.